कपाटाची चावी द्या: आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार आणि कार्यकारी मंडळातले सगळे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या वाचनालयाची वर्गणीदार सभासद. देवगड तालुक्यातल्या ह्या गावात लग्न होऊन आले त्याला बारा वर्षं झाली, शिवणकाम करते, तुमच्यापैकी निदान तिघांच्या नातवंडांचे गणवेश माझ्या मशीनवरून गेलेत. दर शनिवारी साडेचारला वाचनालयाच्या मागच्या खोलीत चटई टाकून लहान पोरांना पुस्तकं वाचून दाखवते ती बाई मीच. दोन वर्षं झाली त्याला, कोणी पैसे देत नाही आणि मला नकोतही. पोरांची चित्रपुस्तकं कपाटात बंद केलीत त्याबद्दलचं हे पत्र मी आधी बंद पाकिटात घालून दिलं होतं, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, पोच घेतली, सही आहे त्यावर. उत्तर आलं नाही. आता श्रावण लागला, गणपती तोंडावर आलेत आणि गणपतीचा ह्या विषयाशी काय संबंध आहे ते पुढे सांगते, म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

जूनच्या मीटिंगनंतर बालविभागाच्या खालच्या रॅकवरची अकरा चित्रपुस्तकं उचलून ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. मला कळलं ते शनिवारी, पोरं चटईवर बसल्यावर, रॅकवर हात घातला तर रॅक रिकामा. ग्रंथपाल ताई बिचाऱ्या मान खाली घालून म्हणाल्या, वरून सांगितलंय, पालकांनी लेखी अर्ज दिला तरच द्यायची. त्या अकरातलं एक पुस्तक मी स्वतः शिवलेलं आहे, गणवेशाच्या उरलेल्या कापडाचं, सहा पानं, एका पानावर मोठं बटण आणि काज, एकावर चेन, एकावर नाडी, एकावर टिचबटण, एकावर हुक, शेवटच्या पानावर खिसा. त्यात एक अक्षर नाही, एक माणसाचं चित्र नाही. तेही आत गेलं. ह्यावरून मला समजलं की उचलताना कोणी पान उलटून बघितलं नाही.

ज्यांनी ती पुस्तकं पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तीन ते सहा वर्षांच्या पोरांची पुस्तकं आहेत ही. एका पुस्तकात एक पोरगा सकाळी उठून स्वतः दात घासतो, स्वतः शी धुतो, शर्ट उलटा घालतो, पुन्हा काढतो, पुन्हा घालतो, अख्खं पुस्तक एवढंच आणि पोरं ते वीस वेळा ऐकतात कारण त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम तेच असतं. एकात एक मुलगी आहे जिला गुदगुल्या आवडत नाहीत आणि मोठी माणसं थांबत नाहीत, मग ती शेवटी काय करते ते आहे. एकात एक मूल पाहुण्यांना मिठी मारायला तयार नाही, लांबूनच हात हलवतं. एकात गुपित आणि सरप्राइज ह्यातला फरक सांगितलाय, की आईच्या वाढदिवसाचा केक हे सरप्राइज, ते चार दिवसांनी उघडं होतंच आणि सगळे खूश होतात, पण "कोणाला सांगू नकोस हां" म्हणून पोटात ठेवायला लावलेली गोष्ट ती वेगळी, ती आपल्या माणसाला सांगायचीच. आणि एकात शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं आहेत, डोळे, कान, कोपर, गुडघा, आणि चड्डीच्या आतल्या जागेचीसुद्धा, एक मुलगा आणि एक मुलगी आंघोळ करतायत असं साधं रेघांचं चित्र आहे. तक्रार आली ती ह्या एका पानाबद्दल. बाकी दहा पुस्तकांबद्दल कोणाची काय तक्रार होती ते मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

आता माझा ह्यात काय जीव अडकलाय ते सांगते, दोन गोष्टी आहेत.

एक माझ्या धंद्यातली. शिवणारी बाई दिवसभर दुसऱ्याच्या अंगाला हात लावते. छाती, कंबर, खांदा, उंची, टेप फिरवायची, पोरगं आखडून उभं राहतं, आई म्हणते "नीट उभी ऱ्हव गो" आणि आपण माप घेऊन मोकळ्या. मीही तेच करायचे, दहा वर्षं. गुदगुल्यांचं पुस्तक पोरांना वाचून दाखवायला लागल्यावर तिसऱ्या की चौथ्या शनिवारी मला दुकानात जाणवलं की मी कधीच विचारलं नाही. तेव्हापासून लहान पोरगी आली की टेप आधी तिच्या हातात देते, सांगते की आता मी खांद्यापासून खाली गुडघ्यापर्यंत मोजणार, मोजू का? शंभरातल्या नव्व्याण्णव हो म्हणतात. एखादी नको म्हणते, मग तिचा जुना फ्रॉक मागवून त्यावरून माप घेते. काम अडत नाही. दुसरं म्हणजे फ्रॉकच्या पाठीला चेन किंवा हुक लावणं मी लहान मापात बंद केलं, पुढे मोठी बटणं लावते, काज आडवं, चड्डीला नाडीऐवजी इलास्टिक. कारण पाठीला हुक म्हणजे त्या पोरीला प्रत्येक वेळी, घरात, शाळेत, लग्नाच्या हॉलवर, बाथरूमला जायचं तरी कोणातरी मोठ्याला पाठ करून उभं राहावं लागतं. स्वतः कपडे काढता घालता येणं आणि आपल्या अंगाला कोण हात लावतो हे ठरवता येणं, ह्या मला दोन वेगळ्या गोष्टी वाटतच नाहीत. ज्या पोराला स्वतःची चड्डी वर ओढता येते त्याला एका माणसाची कमी गरज लागते. हे मला कोणत्या ट्रेनिंगमध्ये नाही कळलं, मशीनवर बसून कळलं, आणि त्या पुस्तकांमुळे.

दुसरी गोष्ट लिहावी की नाही ह्याचा महिनाभर विचार केला. माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं. मी सात वर्षांची असताना गणपतीला घर चाकरमान्यांनी भरलेलं, झोपायला माजघरात, ओटीवर, पडवीत, मिळेल तिथे अंथरूण. त्यात एक नात्यातले होते. काय झालं ते इथे लिहीत नाही, त्याची गरज नाही. मला सांगायचंय ते एवढंच की दुसऱ्या दिवशी मी आईला जाऊन सांगितलं, "माका ते काका आवडनत नाय." माझ्याकडे तेवढेच शब्द होते. आई मोदकाच्या उकडीत हात घालून बसलेली, ती म्हणाली, "मोठ्यांका असा बोलूचा नाय." तिची चूक मी काढत नाही, तिच्याकडेही शब्द नव्हते, मला काय विचारायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पुढची चार वर्षं ते काका गणपतीला येत राहिले आणि मी दर वर्षी आजीच्या कुशीत झोपायचा हट्ट करत राहिले आणि सगळे म्हणायचे, केवढी मोठी झाली तरी आजी सुटत नाही. तेव्हा जर कोणी मला एक चित्रांचं पुस्तक दाखवलं असतं ज्यात माझ्याएवढी मुलगी आईला नीट, नाव घेऊन सांगतेय, तर मी निदान त्या चित्रावर बोट ठेवलं असतं. लहान पोरं असंच करतात, अनुभवातून सांगते. स्वतःबद्दल बोलत नाहीत, चित्रातल्या पोराबद्दल बोलतात. "ह्याला नाय आवडत" म्हणतात. "ही घाबरलीय" म्हणतात. पुस्तक मध्ये असलं की त्यांना बोलता येतं आणि आपल्याला ऐकू येतं.

म्हणून मी गप्प बसू शकत नाही. आता तक्रारी.

पहिली तक्रार, न विचारता केलंत. दोन वर्षं दर शनिवारी येणाऱ्या बाईला एक फोन केला असतात तरी चाललं असतं. पंधरा-सोळा पोरं येतात, पावसात सुद्धा आठ-दहा येतातच, त्यांच्या आयांना विचारलं असतंत. मीटिंगला कोणत्याही पालकाला बोलावलं नव्हतं आणि ज्यांनी तक्रार केली त्यांनाही समोर बसवून पुस्तक दाखवलं नाही. मी त्यांच्याशी बोलले असते. त्यांच्यावर माझा राग नाही, पान एकदम समोर आलं की दचकायला होतं, मलाही पहिल्यांदा वाचताना आवाज अडकला होता हे कबूल करते.

दुसरी, पोरांच्या मनात काय गेलं ह्याचा विचार केला नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच आहे. पुस्तकं गेली त्याच्या पुढच्या शनिवारी सात वर्षांचा एक पोरगा मला म्हणाला, "काकी, ती घाणेरडी पुस्तकं होती ना, म्हणून नेली." त्याच्या शेजारी त्याची चार वर्षांची बहीण बसलेली, तिने ऐकलं. त्याच पोराने महिन्याभरापूर्वी तेच पान न लाजता, न हसता वाचलेलं, जसं कोपर तसंच ते. म्हणजे लाज पुस्तकाने नाही आणली, कुलपाने आणली. आता उद्या ह्या दोघांतल्या कोणाला त्या जागेबद्दल काही सांगायचं झालं तर ते आधी विचार करतील की हे घाणेरडं आहे, बोलायचं नसतं.

शब्दांचंच घ्या. कोपराला सगळे कोपर म्हणतात, पण त्या एका जागेला आपल्या गावात घरागणिक वेगळं लाडाचं नाव आहे. घरात चालतं ते. पण पोर बालवाडीच्या बाईंना जाऊन त्या लाडाच्या नावाने काही सांगेल तर बाईंना कळणारच नाही, त्या हसतील आणि म्हणतील जा खेळ. पोर दुसऱ्यांदा सांगत नाही. म्हणून खरी नावं माहीत हवीत, निदान "शूची जागा, शीची जागा" एवढं तरी सगळ्यांना समजेल असं हवं. आणि नियम काय तर साधा, चड्डीच्या आतल्या जागेला दुसऱ्याने हात लावायचा नाही, बघायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि आपल्याला दुसऱ्याच्या अंगाला हात लावायला कोणी सांगायचं नाही. आई धुताना किंवा डॉक्टर आई-बाबांसमोर तपासताना ते वेगळं, आणि तेव्हाही आधी सांगून. त्या पुस्तकात हे सगळं आहे. "चांगला स्पर्श, वाईट स्पर्श" असं पूर्वी शिकवायचे, ते आता बरेच लोक बदलून "सुरक्षित, असुरक्षित" म्हणतात, कारण चॉकलेट देऊन लाडीगोडीने केलेला स्पर्श पोराला वाईट वाटेलच असं नाही, दुखत नाही, उलट गोंधळ होतो आणि नंतर पोराला वाटतं मलाच आवडलं म्हणजे माझीच चूक. एवढा बारीक विचार करून पुस्तक केलेलं असतं हो. आणि आपण ते एका मिनिटात उचललं.

तिसरी तक्रार. मीटिंगमध्ये म्हणे असं बोललं गेलं की "पोरांका ह्यां सगळां कित्याक, हे शहरातले धंदे, आपल्याकडे सगळी ओळखीची माणसं." मी तिथे नव्हते, ऐकीव आहे, चूक असेल तर सांगा. पण हा मुद्दा गावात बरेच जण बोलतात म्हणून उत्तर देते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली बालकांवरच्या अत्याचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला, 13 राज्यांत, त्यात आपला महाराष्ट्रही होता, 12 हजारांवर मुलांशी बोलून. त्यात 53 टक्क्यांहून जास्त मुलांनी सांगितलं की कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार आपल्यावर झालाय, आणि त्या सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून जास्त होते. करणाऱ्यांतले निम्मे हे पोराच्या ओळखीतले, विश्वासातले लोक. ओळखीची माणसं आहेत म्हणून आपण निर्धास्त असतो आणि नेमकं तिथेच. आणि ज्यांचं म्हणणं आहे की मुलींना सांगा, मुलग्यांना कशाला, त्यांनी तो मुलग्यांचा आकडा पुन्हा एकदा वाचावा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा 2012 चा पोक्सो कायदासुद्धा म्हणूनच मुलगा-मुलगी भेद करत नाही, अठरा वर्षांखालचं कोणीही मूलच. त्याच कायद्यात असंही आहे की असा अत्याचार माहीत असून पोलिसांना न कळवणं हा गुन्हा, आणि कायद्याची माहिती मुलांपर्यंत, पालकांपर्यंत पोचवायची जबाबदारी सरकारवर टाकलीय. आपलं वाचनालय शासनाचं अनुदान घेतं. मग ही माहिती पोचवायच्या बाजूला आपण असायला हवं, अडवायच्या बाजूला नको.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतली अत्याचाराची बातमी आली, चार-चार वर्षांच्या मुली, तेव्हा आपल्या गावातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर काळं स्टेटस होतं. वाचनालयाच्या फळ्यावर निषेध लिहिला होता, मी स्वतः पाहिलाय, अक्षर कार्यवाहांचं. मला तेव्हा खूप बरं वाटलं होतं तुमच्याबद्दल. त्या फळ्यापासून हे कपाट दहा पावलांवर आहे. चार वर्षांच्या मुलीला त्या फळ्यावरचं काहीच समजणार नव्हतं, तिला समजेल असं जे होतं ते आता कुलपात आहे.

संस्कृतीचा मुद्दाही काढला जातो, की पोरं मोठ्यांना नको म्हणायला शिकतील, उद्धट होतील. मोठ्यांचा मान राहिला पाहिजे हे मलाही मान्य आहे, माझी लेक येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करते. पण नमस्कार आणि पापी ह्यात फरक आहे. गणपतीला मुंबईहून माणसं येतात, वर्षभर न पाहिलेली, दारात उतरल्या उतरल्या पोराला उचलतात, गाल ओढतात, "काकांना पापी दे बघू" म्हणतात, पोर आईच्या मागे लपतं, आई ओशाळते आणि पोराला पुढे ढकलते. प्रेमच असतं ते, नाही असं म्हणत नाही. पण पोराला त्यातून एवढंच कळतं की आपल्याला नको असलं तरी मोठं माणूस म्हणतंय म्हणजे करायचं. मग तेच पोर पुढे कधी वाईट माणसासमोर नको कसं म्हणेल, त्याला तर सरावच नाही. पुस्तकातलं मूल काय करतं तर विचारल्यावर निवडतं, नमस्कार करू, टाळी देऊ, हात हलवू की मिठी मारू. गेल्या गणपतीला माझ्या लेकीला तिच्या मुंबईच्या काकाने गुदगुल्या केल्या, ती हसत होती, आणि हसता हसताच म्हणाली, "माका नको." गुदगुल्यांना हसू येतं म्हणून माणूस थांबत नाही ना, तेच त्या पुस्तकात आहे. तो थांबला. हात मागे घेतला आणि म्हणाला, "बरा, नको तर नको, टाळी दी." तिने अशी जोरात टाळी दिली! दोघांची नंतर दिवसभर गट्टी. त्या काकाचा मान कुठे कमी झाला सांगा मला.

आणि नको म्हणजे प्रत्येक गोष्टीला नको असंही ती पुस्तकं सांगत नाहीत. इंजेक्शन घ्यावं लागतं, दात घासावे लागतात. तिथे आपण आधी सांगायचं, खोटं बोलायचं नाही, एवढंच. शिवाय पोराने नको म्हटलं नाही तर चूक पोराची असंही नाही, राखायचं काम मोठ्यांचंच. म्हणून तर ही पुस्तकं पोरांना एकट्याने वाचायला दिलेली नसतात, मांडीवर घेऊन वाचायची असतात, वाचता वाचता मोठं माणूसही शिकतं. आमच्या शनिवारी एक आजोबा नातीला सोडायला यायचे, आधी बाहेर पायरीवर बसायचे, मग दारात, मग चटईच्या कडेला. एकदा मला म्हणाले, बाय माझे, ही पोरगी विहिरीवर उघडी आंघोळ करूक आता तयार नाय, मी आधी ओरडलंय, मगे माडाच्या चुडताचा आडोसा करून दिलंय. पाच वर्षांच्या पोरीला आडोसा हवासा वाटला आणि आजोबांनी तो बांधून दिला. हे एका पुस्तकाचं काम आहे.

स्वतःचं स्वतः करण्याच्या पुस्तकांवरही राग आहे काहींचा हे मला बाजारात कळलं. एक आजी म्हणाल्या, तुझ्या त्या पुस्तकामुळे नातू चपला स्वतः घालणार म्हणून बसतो, एसटी चुकते. खरं आहे, वेळ लागतो. त्यांना मी एक युक्ती सांगितली, दोन्ही चपलांच्या आत मार्करने अर्धं अर्धं पापलेट काढा, चपला बरोबर ठेवल्या की मासा पुरा होतो. आता तो पोरगा स्वतः जुळवतो. हे परदेशी फॅड आहे म्हणणाऱ्यांना सांगावंसं वाटतं की आपल्याच कोकण किनाऱ्याच्या वरच्या टोकाला, डहाणूजवळ बोर्डीला, ताराबाई मोडकांनी 1945 साली गरीब पोरांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत, आणि लहान मुलाला स्वतःच्या हाताने करू द्या हेच तर त्या सांगत होत्या. अंगणवाडी ही कल्पनासुद्धा तिथलीच, पोर येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्या. ऐंशी वर्षं झाली त्याला. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातसुद्धा तीन ते आठ वयाच्या मुलांसाठी निरोगी आणि सुरक्षित राहण्याच्या सवयी हे ध्येय दिलंय. तेव्हा मी काही जगावेगळं करत नव्हते.

चौथी तक्रार छोटी आहे पण तातडीची. त्या लोखंडी कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल आहे, तुम्हाला माहीत आहे, मागच्या पावसात तिथल्या दिवाळी अंकांना बुरशी आली होती. चित्रपुस्तकांचा कागद गुळगुळीत, दमट हवेत पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवायला गेलं की चित्राचा रंग दुसऱ्या पानावर जातो, मग ते पुस्तक गेलं. लोकवर्गणीतून घेतलेली पुस्तकं आहेत ती, त्यात एका कोळणीने मासे विकून दिलेले दोनशे रुपये आहेत. निर्णय काय व्हायचा तो होऊ दे, पण पुस्तकं आधी बाहेर काढून उन्हा-वाऱ्यात ठेवा.

आता मागण्या, सरळ सांगते.

अकराच्या अकरा पुस्तकं गणपतीच्या आधी खालच्या रॅकवर परत हवीत. आधी कारण सांगितलंच, घरं भरतात ती तेव्हाच. आणि रॅकवर ठेवताना पुस्तकाचं तोंड पुढे, पाठ नाही. वाचता न येणारं पोर चित्र बघून पुस्तक ओळखतं, पाठीवरचं नाव त्याला कळत नाही.

ज्या एका पानावर तक्रार आहे त्यासाठी सभा घ्या, मी येईन, तक्रारदार पालक येऊ देत, गावातल्या अंगणवाडी सेविका ताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवा, सगळ्यांसमोर ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचू. वाचायला दहा मिनिटं लागतात. त्यानंतरही एखाद्या आईला ते आपल्या पोरासाठी नको असेल तर तिचा तो हक्क आहे, ते पुस्तक चाललं असताना तिचं पोर दुसरं पुस्तक घेऊन बसेल, मी तशी सोय करेन. पण एका घराला नको म्हणून सोळा घरांना बंद, असं नको.

पुढे कधी बालविभागातलं पुस्तक काढायचं झालं तर तोंडी नाही, कारण लिहून ठराव करून काढा आणि ठराव फळ्यावर लावा. पुस्तक निवडताना दोन पालक आणि अंगणवाडीच्या ताई ह्यांना सोबत घ्या. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 पासून आहे, आपल्या कोकणाला वाचनालय चालवायची रीत नव्याने शिकायची गरज नाही.

नवीन पुस्तकांना पैसे नाहीत असं सांगू नका, त्याची वाट मी शोधलीय. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं स्वस्तात मिळतात, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर ह्या वेबसाइटवर मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत आणि छापून वापरायला परवानगी आहे. छपाईचा खर्च मी आणि दोन जणी मिळून करू. कापडी पुस्तकं आणखी चार शिवून देते, कापड माझं.

आणि वाचनालयाच्या दाराशी, पोरांच्या उंचीला, अडचणीतल्या मुलांच्या मदतीचा 1098 हा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहा. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, पोर स्वतः लावू शकतं. रंग मी आणते.

तुमच्यातल्या काहींना हे पत्र असं उघड लिहिलेलं आवडणार नाही. मला तुमच्याशी भांडायचं नाहीये, तुम्ही हे वाचनालय पदरमोड करून चालवलंत हे गाव जाणतं, मीही जाणते, माझ्या लेकीचं पहिलं कार्ड अध्यक्ष काकांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. म्हणूनच तुमच्याकडे मागतेय, दुसरीकडे तक्रार नाही केली.

येत्या शनिवारी साडेचारला मी नेहमीसारखी चटई घेऊन येतेय. पोरांना मी सांगितलंय की पुस्तकं घाणेरडी नव्हती, मोठ्यांना ती एकदा नीट वाचायची आहेत म्हणून आत ठेवलीत. कपाटाची चावी ग्रंथपाल ताईंकडे देऊन ठेवा आणि जमलं तर तुम्हीही या, चटईवर जागा आहे.

तुमच्याच गावातली,
शनिवारच्या गोष्टीवाली काकी